जळजाईच्या डोहातला फुटका भोपळा

भाविकहो, सह्याद्रीच्या पायथ्याला कातळवणी नावाचे गाव होते. गाव म्हणजे चार आळ्या, एक देऊळ आणि भाताची खाचरे. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. पण गावाच्या वर, जिथे चढणीची वाट संपते, तिथे जळजाईचा डोह होता. आणि त्या डोहाच्या काठी, जांभळीच्या झाडाखाली, आपले चिंतोबुवा महाराज येऊन राहिले होते. अंगावर एक कांबळे आणि हातात कडू भोपळा अर्धा कापून, काठाला दोरीपुरते दोन कान ठेवून केलेले भिक्षापात्र, एवढाच महाराजांचा संसार. त्या पात्राच्या बुडाला बोट जाईल एवढे भोक होते. कोणा गृहिणीने चुकून त्यात ताक वाढले, तर ते सगळे महाराजांच्या पायांवर सांडायचे, आणि महाराज हसून म्हणायचे, "माय, भाकरी वाढ. फुटक्यात जेवढे राहते तेवढेच आपले." ते भोक नीट लक्षात ठेवा, मंडळी. पुढे त्याच्याशीच आपल्याला काम आहे.

आधी डोह पाहू. देवाने फुरसतीने घडवावी अशी ती जागा होती. वरच्या कड्यावरून नदी पांढरीशुभ्र होऊन खाली उडी घेई, आणि काळ्या कातळाच्या ओंजळीत हिरवेगार पाणी साठे. भर चैत्रातही ते आटत नसे. काठाला उंबर, जांभूळ, करंजाची सावली. उन्हाने भाजलेला माणूस तिथे पोचला की त्याचे हात आपोआप अंगरख्याच्या बंदांकडे जात. लांबलांबून माणसे पोहायला येत. पण तो डोह दिसायला जेवढा गोड, तेवढाच पोटात कपटी. वरचे पाणी कोमट, आणि कमरेखालचे हाडे गोठवणारे. काठचा कातळ शेवाळाने बुळबुळीत. आणि धबधब्याच्या खाली पाण्याने कातळ कोरून केलेला एक खोल गोल खळगा होता, त्याला गावकरी रांजण म्हणत. त्या रांजणात सापडलेला माणूस गोल गोल फिरत राही, आणि पाणी त्याला वर येऊ देत नसे.

गावात येसू नावाची विधवा होती. कपाळ मोकळे, हातावर गोंदलेली तुळस, आणि बोलणे इतके कमी की शेजारणीही म्हणत, येसूचे बोलणे ऐकायला सण यावा लागतो. पूर्वी ती अशी नव्हती. तिला भिवा नावाचा एकुलता एक मुलगा होता. मिसरूड फुटलेला, हसरा, आणि पाण्याचा वेडा. त्याच्या मामाने त्याला एक वाळका भोपळा आणून दिला होता. तो पाठीला बांधून भिवा उथळ पाण्यात हात मारायला शिकत होता.

आता कातळवणीची एक रीत सांगितली पाहिजे. चैत्री पुनवेला जळजाईची जत्रा भरे. त्या दिवशी गावातले तरणे उडीच्या कड्यावरून डोहात उडी घेत, तळाची मूठभर वाळू आणत आणि ती देवीच्या पायांवर वाहत. हिला मानाची उडी म्हणत. आणि या उडीसाठी कोणी भोपळा बांधायचा नाही, असा गावाचा दंडक होता. देवीच्या पाण्यात आधार घेऊन उतरणे म्हणजे देवीवर भरवसा नसणे, असे गाव समजत होते. पाहा, माणूस आपल्या ताठ्याला भक्तीचे पांघरूण किती चटकन घालतो!

ज्या जत्रेत भिवा पहिल्यांदा कड्यावर चढला, त्या जत्रेत उडीचा मान पाटलांच्या राणोजीकडे होता. राणोजी तेव्हा ऐन भरातला गडी. छाती अशी की कोणाच्याही नजरेत भरावी, आणि नजर अशी की समोरच्याने खाली पाहावे. भिवाच्या पाठीवरचा भोपळा पाहून तो खो खो हसला. "आरं, आईचा पदर सोडून आलास न्हवं? मग ह्यो कशाला आणलास? जा, बायकांत जाऊन बस!" सगळे हसले. भिवाचा चेहरा लालेलाल झाला. राणोजीने पुढे होऊन त्याच्या कमरेची दोरी स्वतःच्या हाताने सोडली आणि भोपळा कड्याखाली भिरकावला. भिवाने डोळे मिटून उडी घेतली. भोपळा पाण्यावर तरंगत राहिला. भिवा वर आला नाही. दुसऱ्या दिवशी रांजणाने त्याला परत दिले.

गाव म्हणाले, देवीने नेला. कड्यावर हसलेल्यांनीही राणोजीचे नाव काढले नाही, आणि राणोजीही कधी काही बोलला नाही. उलट त्या दिवसापासून भोपळ्याचा त्याला असा काही राग आला की डोहावर नुसता भोपळा दिसला तरी तो भडके. बाप गेल्यावर पाटीलकी त्याच्याकडे आली, तसा तो दंडक आणखी कडक झाला. तो दंडक चुकीचा ठरला असता, तर भिवाचे काय, हा प्रश्न त्याच्या दाराशी येऊन उभा राहिला असता. म्हणून तो दाराला पाठ लावून उभा होता.

येसूने हे सगळे काठावरून पाहिले होते. तिने कोणालाच सांगितले नाही. दिवसभर ती डोहाच्या काठी बसून राही. महाराज नुकतेच तिथे आले होते. एके दुपारी ती उठली आणि महाराजांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"म्हाराज, समदी म्हनत्यात तुमी देवमानूस. माजा भिवा आणून द्या."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "माय, गेलेला आणता येत नाही. माझ्या हातात तेवढे नाही." मग त्यांनी कांबळ्याच्या गाठीतून कडू भोपळ्याच्या बिया काढून तिच्या ओंजळीत घातल्या. "हा वेल लाव. धरलेला एकही भोपळा विकू नकोस. वाळव, दोरी लाव आणि इथे आण. जो पाण्यात उतरेल त्याच्या कमरेला बांध."

"आन् कुनी न्हाई बांधून घेतला तर?"

"आणायचे काम तुझे. घ्यायचे काम त्यांचे."

"कुनाच्या बी कमरेला?"

"कोणाच्याही," महाराज म्हणाले, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

मंडळी, गुरूने दिलेले काम किती साधे होते पाहा! जप नाही, उपास नाही, तीर्थयात्रा नाही. पण करून पाहणाऱ्यालाच कळते. येसूने परसात मांडव घातला. पावसाळ्यात वेल चढले, पांढरी फुले आली, भोपळे धरले. कडू भोपळा तो, भाजीलाही चालत नाही. शेजारणी म्हणत, "आगं येसे, ह्येच्या जागी दुधी लावला असतास तर चार दिस कालवन झालं असतं." येसू हसून वेल मांडवावर चढवी. भोपळे वाळून आत बिया खुळखुळू लागल्या, की ती अंबाडीच्या दोऱ्या वळी, एकेका भोपळ्याला जाळी विणी आणि सगळा भार खांद्यावर घेऊन डोहाची वाट चढे.

"दादा, येवढा बांध. वाईच कमरंला बांध."

ऐकणारे फार थोडे. बाहेरगावचा एखादा भिडस्त पाहुणा बांधून घेई, आणि तेवढ्याने येसूचा दिवस उजळे. गावचे तरणे मात्र तिला पाहून भोपळ्यावर ताल धरत. कोणी तिला भोपळेवाली म्हणे, कोणी येडी. पाटील तर डोहावर आला की मुद्दाम तिच्या वाटेने जाई. "येसे, उद्या देवीच्या गळ्यात बी भोपळा बांधशील! बुडंल म्हनून!" येसू मान खाली घाली. पण तिचा हात त्या वेळी दोरीवर घट्ट आवळला जाई, कारण समोरचा हात ती ओळखत होती. राग तिच्यात नव्हता असे समजू नका. राग होता, तो तिने खुंटीला टांगून ठेवला होता, टाकला नव्हता.

अशी बरीच वर्षे गेली. आणि पुन्हा चैत्री पुनव आली.

त्या दिवशी डोह माणसांनी फुलून गेला होता. देवीची पालखी काठावर टेकलेली, गुलाल उडतो आहे, ढोल घुमतो आहे, पोरे उंबरावर चढून बसली आहेत. आकाश स्वच्छ होते. फक्त लांब, घाटमाथ्यावर, काळ्या ढगाची एक पट्टी दिसत होती. तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. येसू आपले भोपळे घेऊन कड्याच्या वाटेवर उभी होती. उडी घेणाऱ्यांत एक नवा मुलगा होता. त्याने डोहाकडे पाहिले आणि हळूच येसूपाशी येऊन म्हणाला, "म्हातारे, दे एक."

येसूचे काळीज हरखले! गावातल्या मुलाने आपणहून भोपळा मागण्याची ही पहिलीच वेळ होती. ती दोरी सोडवू लागली, आणि तेवढ्यात मागून पाटलाचा आवाज कडाडला.

"खबरदार! देवीच्या जत्रंत देवीचा अपमान?"

राणोजी पाटील पुढे आला. कानशिलावरचे केस पिकले होते, पण अंगातली रग तशीच होती, आणि मानाची पहिली उडी अजूनही तोच घेत होता. त्याने मुलाला बाजूला सारले, हातातली काठी उचलली आणि येसूचा एकेक भोपळा कातळावर आपटून फोडला. फटाफट आवाज झाले, आणि बिया सगळ्या काठावर उधळल्या गेल्या. वर्षभर जपलेल्या भोपळ्यांची खापरे झाली. येसूच्या हातात नुसत्या दोऱ्या उरल्या. लोक आधी हसले, मग त्यांना ते हसणे बरे वाटेना, मग पाटलाचा चेहरा पाहून पुन्हा हसले.

जांभळीखालून महाराज उठून आले. सगळ्यांना वाटले, आता बुवा रागावणार. पण महाराजांनी आपले भिक्षापात्र पाटलापुढे धरले.

"राणोजी, तहान लागली आहे. पाणी घाल."

पाटलाने शेजाऱ्याच्या हातातला तांब्या घेतला आणि ऐटीत पात्रात ओतला. पाणी भोकातून धारेने खाली पडले आणि महाराजांचे पाय भिजले. पाटलाने पात्र उलटे करून सगळ्यांना दाखवले. भोकातून बोट घालून हलवले.

"बगा रं, ह्ये बुवांचं भांडं! ज्याच्या देवाला ह्येवढं भोक बुजवता येईना, त्यो लोकास्नी काय तारनार?"

जत्रा हसली. महाराजही खळखळून हसले. "खरे आहे रे बाबा. भोक बुजवणे बाकी आहे." एवढे बोलून त्यांनी पात्र परत घेतले आणि काठावरच्या कातळावर जाऊन बसले.

पाटील कड्यावर चढला. ढोल घुमले. "जळजाईच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली आणि पाटलाने उडी घेतली. पाणी उसळले, मिटले आणि शांत झाले. तो तळ गाठण्यात पटाईत होता, त्यामुळे कोणाला काळजी नव्हती.

पण त्याच वेळी वरच्या कड्यावरून येणाऱ्या पाण्याचा आवाज बदलला. पांढरी धार तांबूस झाली. तिच्याबरोबर पालापाचोळा आला, काटक्या आल्या, आणि मग गरगरत एक मोठा ओंडका आला. घाटमाथ्यावर वळीव कोसळला होता, आणि त्याचा लोंढा आता डोहात उतरत होता. काठावर एकच कल्लोळ झाला. उथळ पाण्यातली माणसे धडपडत बाहेर आली, बायांनी मुले ओढून घेतली, पालखी वर उचलली गेली. हिरवा डोह बघता बघता चिखलाचा झाला.

पाटलाचे डोके वर आले, ते रांजणाच्या तोंडाशी. त्याने हात मारले. चांगले दणकट हात ते! पण पाणी त्याला मागे ओढत होते. तो एक हात पुढे येई आणि दोन हात मागे जाई. पाटलीणबाई काठावर ऊर बडवू लागल्या. "कुनीतरी जावा रं! धनी चाललं माजं!" लोकांनी दोर फेकला, तो अर्ध्यावर पडला आणि वाहून गेला. आत्तापर्यंत कड्यावर छाती काढून उभे असलेले सगळे गडी एकमेकांकडे पाहू लागले. त्यांचा काही दोष नव्हता. त्या पाण्यात उतरणे म्हणजे मरणच होते. एखादा भोपळा असता तर कोणी उतरलाही असता. पण भोपळ्यांची खापरे कातळावर पडली होती.

येसू जागची हलली नव्हती. दोऱ्या खांद्यावर टाकून ती त्या बुडणाऱ्या माणसाकडे पाहत होती. पाण्यातून त्याचा हात वर येत होता आणि परत खाली जात होता. तिला वाटले, हाच तो हात. ह्याच हाताने दोरी सोडली. आता ह्या हाताला काहीतरी धरायला हवे आहे. तिच्या मनात आले ते मी लपवत नाही, भाविकहो. तिच्या मनात आले, बघ आता कसे वाटते ते. आणि ते मनात आल्याबरोबर ती स्वतःच घाबरली.

"येसू."

महाराज तिच्यापुढे उभे होते. त्यांनी ते फुटके पात्र तिच्या हातात ठेवले.

"जा, माय. बांधून ये."

"म्हाराज..." तिने पाण्याकडे बोट केले. "ह्यानंच माज्या भिवाचा भोपळा सोडला. ह्या हातानं. म्या बगितलंय."

"मला ठाऊक आहे," महाराज म्हणाले. "म्हणून तर दुसऱ्या कोणाला देत नाही."

"मला पवायला येत न्हाई. आन् ह्येला तर भोक हाय!"

"भोक माझ्याकडे लागले. बांधायचे काम तुझे. कोणाच्याही कमरेला, असे ठरले होते ना आपले?"

येसूने एकदा महाराजांकडे पाहिले. वर्षानुवर्षे खुंटीला टांगलेले ते ओझे तिने त्या क्षणी खाली टाकले. पदर खोचला, पात्र दोन्ही हातांनी छातीशी धरले आणि ज्या डोहाच्या पाण्याला तिने मुलगा गेल्यापासून पाऊल लावले नव्हते, त्यात ती चालत शिरली.

बायका किंचाळल्या. "आगं येसे, माघारी फीर!" लोंढ्यात म्हातारी आता वाहून जाणार, असे सगळ्यांना वाटले. पण काय सांगू! तिने ते पात्र पाण्यावर तोंड वर करून ठेवले, आणि ते तरंगले. बुडाला भोक असलेले पात्र, आणि त्यात थेंबभर पाणी चढेना! येसू त्याच्या कडांना धरून होती. ओंडके वाहवून नेणारे पाणी खाली धावत होते, आणि ते पात्र त्या पाण्याविरुद्ध, वर, रांजणाकडे निघाले. दोन्ही बाजूंनी लाटा उसळत होत्या. पण पात्राभोवती ताटाएवढी जागा सपाट होती, घरातल्या हंड्यातले पाणी असावे तशी. ढोलकऱ्याच्या हातातली टिपरी गळून पडली.

महाराज काठावरच्या कातळावर शांत बसले होते. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि उजव्या हाताचे एक बोट त्यांनी कातळावर घट्ट दाबून धरले होते. घाईगर्दीत ते कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

रांजणाच्या तोंडाशी येसूने पाटलाला गाठले. त्याचे डोळे पांढरे झाले होते. त्याने तिला ओळखले की नाही कोण जाणे. बुडणाऱ्याने झडप घातली आणि दोघेही खाली गेले. काठावर आकांत झाला. पण पात्र पाण्यावर तसेच होते. आणि क्षणभराने दोन डोकी वर आली.

"हालू नगंस," येसू त्याच्या कानाशी ओरडली. "कमर दे हिकडं."

तिने खांद्यावरची दोरी काढली. वर्षानुवर्षे वळलेली अंबाडीची दोरी ती, आणि वर्षानुवर्षे मनात शंभरदा मारलेली गाठ. भिवाच्या कमरेला जी गाठ तिला मारायची राहून गेली होती, ती तिने त्या गढूळ, गार पाण्यात, आंधळ्या बोटांनी राणोजी पाटलाच्या कमरेला मारली. दोरीचे दुसरे टोक पात्राच्या कानांत ओवले. मग पात्र वळले. बैल घराकडे वळतो तसे ते काठाकडे वळले आणि त्या दोघांना ओढत, पाण्याला जराही न जुमानता, उथळात आले. लोकांनी छातीपर्यंत पाण्यात उतरून दोघांना उचलून घेतले.

काय तो जयघोष झाला! "चिंतोबुवा महाराज की जय! जळजाईच्या नावानं चांगभलं! येसूमायेच्या नावानं चांगभलं!" ज्यांनी तिला वेडी म्हटले होते तेच तिच्या नावाने ओरडत होते. डोहाचे कडे दुमदुमले, पोरे उंबरावरून खाली उतरून नाचू लागली, पाटलीणबाईंनी येसूला मिठी मारली ती सुटेना. येसू रडत होती, आणि हसतही होती. भिवा गेल्यापासून गावाने तिला असे कधी पाहिले नव्हते.

पाटील शुद्धीवर आला. त्याने पहिल्यांदा कमरेची दोरी पाहिली. मग दोरीच्या टोकाचे पात्र पाहिले. त्याने ते डाव्या हाताने उचलले, डोहात बुडवून भरून घेतले आणि वर धरले. सगळे पाणी भोकातून धारेने निघून गेले. त्याने पुन्हा भरले. पुन्हा ते रिकामे झाले.

मग त्याची नजर महाराजांकडे गेली. महाराज अजून कातळावरच बसले होते. अंग कोरडे, कांबळे कोरडे. पण त्यांनी बोट कातळावरून उचलले, तेव्हा ते पांढरेफटक पडले होते आणि त्याला सुरकुत्या आल्या होत्या. पहाटेपासून नदीवर धुणे धुणाऱ्या बाईची बोटे होतात ना, अगदी तसे. कातळ मात्र ठणठणीत कोरडा होता. पाटलाने हातातल्या भोकाकडे पाहिले, त्या बोटाकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडून हुंदका फुटला. याच भोकात बोट घालून त्याने जत्रेला हसवले होते.

तो धावत जाऊन महाराजांच्या पायांवर पडणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्याकडे काय येतोस? मी तर जागचा हललोही नाही. पाण्यात कोण उतरले ते बघ."

पाटील वळला. ज्या वाटेने तो येसूला टोमणे मारत जाई, त्याच वाटेवर ती ओल्या लुगड्याने बसली होती. तो तिच्यापुढे उभा राहिला. साऱ्या गावापुढे, पालखीपुढे, घरच्या माणसांपुढे.

"येसाबाई," तो म्हणाला. "भिवाचा भोपळा... त्यो देवीनं न्हाई सोडला. म्या सोडला. ह्या हातानं."

येसूने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"व्हय," येसू म्हणाली. "म्या बगितलं हुतं. तवापास्नं मला ठाव हाय."

"ठाव असून तू पान्यात आलीस?"

"तुजी गाठ बांदायची ऱ्हायली हुती, बाबा."

त्या एका 'बाबा'ने पाटील मोडला. त्याची उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. एवढ्या मरणाच्या झटापटीतही ती उघडली नव्हती. आता ती उघडली. आत तळाची वाळू होती. मानाच्या उडीची ती वाळू देवीच्या पायांवर वाहायची असते. पाटलाने पालखीकडे एकदा पाहिले, ती वाळू येसूच्या पायांवर वाहिली आणि आयुष्यात कोणापुढे न वाकलेले डोके तिच्या पायांवर ठेवले. पुजारी काही बोलणार होता, तर महाराज म्हणाले, "असू दे. देवीला पोचली."

आता एवढेच सांगायचे राहिले. त्या वर्षी पाऊस लागला, आणि काठीने फोडलेल्या भोपळ्यांच्या ज्या बिया काठावर उधळल्या होत्या, त्या सगळ्या रुजल्या. डोहाभोवती जिकडे तिकडे वेल. उंबरावर वेल, करंजावर वेल, उडीच्या कड्यावरून खाली लोंबणारे वेल. येसूच्या परसात कधी धरले नव्हते एवढे भोपळे त्या साली डोहावर धरले. गावाने ते वाळवले. पाटलीणबाई दोऱ्या वळायला बसल्या, आणि गाठ कशी मारायची ते येसूने सगळ्या आळ्यांना शिकवले.

पुढच्या चैत्री पुनवेला मानाची उडी झाली, आणि एकूण एक गड्याच्या पाठीला भोपळा होता. हिरव्या पाण्यावर ते पिवळे भोपळे उसळत होते आणि ढोल घुमत होता. सगळे गेले तसे सगळे परत आले. वाळू आता तळाची नाही, काठाचीच वाहायची, असे गावाने ठरवले होते. महाराज जांभळीखाली बसून पोरासारख्या टाळ्या पिटत होते. मानाचा नारळ येसूच्या हातून फुटला.

आणि राणोजी पाटील? तो त्या वर्षी कड्यावर चढला नाही. तो खाली, वाटेवर, येसूच्या शेजारी उभा होता. खांद्यावर भोपळ्यांचा भार, तोंडात तिचेच शब्द, "दादा, येवढा बांध. वाईच कमरंला बांध." कोणी टाळून पुढे जाऊ लागला की पाटील हात जोडी. आणि कमरेला गाठ मारायची म्हणजे माणसाला खाली वाकावे लागते. लहान असो, थोर असो, कोणत्याही आळीतला असो, येणाऱ्या प्रत्येकापुढे कातळवणीचा पाटील गुडघ्यापर्यंत वाकत होता, आणि गाठ पक्की बसली की नाही हे दोनदा ओढून पाहत होता.